जर्मनच्या वाटीचं बोंडलं

माझी थोरली मुलगी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ती धातूंचे गुणधर्म मोठमोठ्यानं पाठ करत बसली होती. धातूवर घाव घातले असता तो न तुटता पसरतो, या गुणधर्माला वर्धनीयता म्हणतात. मी शेजारी तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, "तू लहानपणी त्या गुणावरच दूध प्यायली आहेस." तिला वाटलं, आई थट्टा करते. मग मी तिला सगळं सांगितलं. आता ती ते तिच्या मुलांना सांगते, पण तिच्या सांगण्यात तुरुंग फार काळोखा होतो आणि मी फार शूर होते. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून ठेवावं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. माझे यजमान शाळेत शिक्षक. घरात सासूबाई आणि आमची चार महिन्यांची मुलगी. आमच्या गल्लीत अश्रुधुराची नळकांडी फुटली तेव्हा ही पोटात होती. बायका गॅलरीतून ओले पंचे खाली टाकत होत्या आणि मुलं ते तोंडाला बांधून पळत होती. त्या गडबडीत समोरच्या चाळीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा गोळी लागून गेला. त्याची आई मला रोज सकाळी नळावर भेटायची. त्यानंतरही ती नळावर यायची, पण तिची कळशी भरून वर नेऊन द्यायचं काम दुसरंच कोणीतरी करायचं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे हे मला सभांतल्या भाषणांनी पटलं असेल. पण बायकांच्या तुकडीत मी नाव दिलं ते त्या बाईकडे बघून.

यजमान जरा चाचरले. म्हणाले, "मुलगी अंगावर पिते आहे. तिचं काय करणार?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "बरोबर नेईल. संध्याकाळपर्यंत सोडतात सगळ्यांना. माझे गुडघे धड असते तर मीच गेले असते."

खरोखरच आधीच्या तुकड्यांतल्या बायकांना पोलीस गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून देत, नाहीतर संध्याकाळी घरी पाठवत. म्हणून मी एका पिशवीत चार लंगोट, एक दुपटं आणि आपल्यासाठी एक लुगडं एवढंच घेतलं. आम्ही जमावबंदी मोडली, घोषणा दिल्या, गाडीत बसलो. आमच्या वेळेला मात्र कोर्टात उभं केलं आणि काही आठवड्यांची साधी कैद झाली. घरी निरोप गेला तेव्हा सासूबाईंनी म्हणे देवासमोर बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

तुरुंगात बायकांच्या बराकीत मुंबईच्या सगळ्या भागांतल्या सत्याग्रही होत्या. पहिले दोन दिवस कोणाचीच नावं लक्षात राहिनात, तेव्हा एकमेकींना आम्ही वस्तीच्या नावानं हाका मारायला लागलो, आणि मग तेच राहिलं. मी गिरगाव. दादर म्हणजे एका शाळेतल्या वयस्क बाई, चष्मा लावणाऱ्या, आमच्या सगळ्यांच्या वतीनं अधिकाऱ्यांशी बोलणाऱ्या. आम्ही त्यांना ताई म्हणत असू. भोईवाडा माझ्याच वयाची होती आणि तिच्याजवळही वर्षाचा मुलगा होता. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. रोज सकाळी ती मुलाला मांडीवर घेऊन हळू आवाजात त्रिशरण म्हणायची, आणि ते संपेपर्यंत आमच्या कोपऱ्यात सगळं शांत असायचं.

आणि लालबाग. तिला शांत बसणं माहीत नव्हतं. चाळिशीची, काळीसावळी, दंडानं भक्कम, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. मूळची मालवणकडची. एरवी गिरणगावातलं मराठी बोलायची, पण राग आला किंवा माया आली की सरळ मालवणीवर उतरायची. त्यामुळे ती रागावली आहे की लाड करते आहे हे कळायला वेळ लागायचा. घोरायची इतकी की भोईवाड्याचा मुलगा दचकून उठायचा. बढाया तर विचारूच नका. मी तिला मावशी म्हणू लागले. ती मला म्हणायची, "अगो गिरगाव".

सत्याग्रही बायकांनी आपला स्वयंपाक आपण करावा अशी परवानगी ताईंनी मिळवली होती. मावशीनं भाकऱ्यांचं काम आपल्याकडे घेतलं, कारण दुसऱ्या कोणाची भाकरी तिला पसंत नव्हती.

सगळं बरं चाललं होतं. मग माझ्या छातीत गाठ झाली. पहिल्या दिवशी नुसती ठणकत होती, दुसऱ्या दिवशी हात वर होईना आणि ताप चढला. तुरुंगाचे डॉक्टर आले. त्यांनी चीर देऊन पू काढला, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "ताप उतरून जखम भरत येईपर्यंत मुलीला अंगावर घेऊ नका. वरचं दूध द्या."

वरचं दूध मिळत होतं, त्याची तक्रार नव्हती. पण चार महिन्यांच्या मुलीला ते पाजायचं कशानं? चमचे तिथे होते ते भाजी वाढायचे. वाटी ओठाला लावली की निम्मं दूध मानेवरून खाली आणि उरलेलं नाकात. ती ठसकायची, निळी पडायची, आणि मी तिला उपडी धरून पाठ थोपटत बसायचे. कापसाचा बोळा दुधात बुडवून तोंडात धरला, तर ती तो चोखायची आणि त्यातून काही येत नाही म्हणून आणखी संतापायची. डॉक्टरांनी बाटलीसाठी वर लिहून पाठवलं. ते लिहिणं अजून वरच असेल.

घरी चांदीचं बोंडलं होतं. माझ्या यजमानांना त्यानंच पाजलेलं. होडीसारखं, एका बाजूला चोच काढलेली, त्यातून दूध थेंबाथेंबानं बाळाच्या जिभेवर जातं. घरच्यांना जाळीतून भेटायची आठवड्याची मुलाखत आली तेव्हा सासूबाई ते पदरात बांधून घेऊन आल्या. बाहेरचं भांडं आत नेता येत नाही, आणि चांदीचं तर मुळीच नाही, असं म्हणून दारावर ते परत केलं. काचेची बाटलीही परत केली. जाळीच्या पलीकडून सासूबाई मला नुसतं बोंडलं दाखवत होत्या. मी म्हटलं, "आई, दिसलं. घेऊन जा ते." 

अशा वेळी भोईवाडा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दे इकडे." आणि मी काही बोलायच्या आत मुलीला आपल्या अंगावर घेतलं. मुलगी आधी बावरली आणि मग अशी लागली की तिचा श्वास वाजायला लागला. बराकीत कोणाच्या मनात काय आलं असेल ते येवो. मला फक्त माझ्या मुलीचा गळा हलताना दिसत होता, आणि ताप अंगात असूनसुद्धा मला त्या क्षणी गार वाटलं. पण भोईवाड्याचं दूध आटत आलं होतं. तिचा मुलगा वर्षाचा झालेला, आणि आमच्या जेवणात काय असायचं ते असायचं. माझी मुलगी पिऊन झाल्यावर तिचा मुलगा लागायचा आणि थोड्याच वेळात कुरकुर करत सोडायचा. ती त्याला खांद्यावर घेऊन फिरवायची. मला दिसायचं.

भोईवाडा पाजायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या बराकीवर देखरेख करणाऱ्या मेट्रनबाई आल्या. वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पुन्हा चळवळीत भाग घेणार नाही असं लिहून सही करा आणि घरी जा. पोरीसाठी कोणीही करेल."

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "निर्णय तुझा," त्या म्हणाल्या. "तू सही केलीस तर इथली एकही तुला नाव ठेवणार नाही. ठेवलंच कोणी, तर तिला माझ्याकडे पाठव."

मला सही करायची होती. अगदी खरं सांगायचं तर हात पेनासाठी पुढे झालाही होता. आणि त्याच वेळी समोरच्या चाळीतल्या त्या बाईची कळशी डोळ्यांसमोर येत होती. मी रडायला लागले.

मावशी तिकडून भाकऱ्यांची परात घासता घासता राखेच्या हातांनीच आली. "रडतंस कित्याक गो? पोरगी रडता ता पुरे नाय?" मग मेट्रनबाईंना म्हणाली, "ती उद्या सांगेल. एक दिवसानं काय सरकार बुडत नाय."

मेट्रनबाई गेल्यावर तिनं मला विचारलं, "तुझं ते चांदीचं कसं असतं, हातानं दाखव."

मी दोन्ही तळव्यांनी होडी करून दाखवली आणि बोटांनी चोच काढून दाखवली. तिनं डोळे बारीक करून बघितलं, मग उठली आणि आपली जेवणाची वाटी घेऊन आली. तुरुंगातली सगळी भांडी ॲल्युमिनियमची होती. आम्ही तेव्हा त्याला जर्मन म्हणायचो. जर्मनची थाळी, जर्मनची वाटी.

"ह्याची करते मी चोच," ती म्हणाली.

मला वाटलं, ही तिची नेहमीची बढाई. पण ती सांगत होती ते खरं होतं. तिचे वडील लालबागेत एका कारखान्यात जर्मनची पातेली ठोकायचे. ही थोरली, मागचे भाऊ लहान. वडिलांच्या उजव्या खांद्याला काही इजा झाली तेव्हापासून लग्न होईपर्यंत ती त्यांच्याबरोबर बसून ठोकायची. "अर्ध्या लालबागेत माझ्या हातची पातेली हत," ती म्हणाली. "अजून एकाच्या बुडाक पोचा नाय."

ती वाटी घेऊन बसली. पाट्यावरचा वरवंटा दोन विटांमध्ये उभा अडकवला, त्याच्या गोल टोकावर वाटीची कड टेकवली आणि लाकडी डावाच्या दांड्यानं टकटक करायला लागली. आम्ही सगळ्या भोवती जमलो. कड थोडीशी बाहेर आली, आणखी थोडी आली. मुलगी भोईवाड्याच्या खांद्यावर हुंदके देत होती. आणि मग एक बारीक आवाज आला. कडेपासून खाली केसाएवढी चीर गेली होती.

मावशीनं एक अशी शिवी हासडली की ताई दुसरीकडे बघायला लागल्या.

"तुटलं," मी म्हटलं.

"तुटणारच. माझीच अक्कल शेण खायला गेली. ही वाटी कारखान्यात दाबून काढलेली. दाबला की जर्मन कडक होतो, ठोकला की आणखी कडक होतो. मग तो जागा देत नाय, फुटतो. त्याला आधी नरम करायला हवा." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "अगो, असं तोंड करू नको. नरम होतो तो. दहादा कडक झाला तर दहादा नरम होतो. विस्तव दाखवायला लागतो एवढंच."

विस्तव दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकऱ्यांच्या वेळेलाच मिळणार होता. ती रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही.

सकाळी मावशीनं मला मुद्दाम चुलीजवळ नेऊन बसवलं. मला वाटतं, मी एकटी राहिले तर सही करून मोकळी होईन अशी तिला भीती वाटत असावी. आता भोईवाड्याची वाटी घेतली होती. कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी तिनं वाटीच्या बाहेरून ओढली; साबणाची पांढरट रेघ उमटली.

"हे कशाला?"

"जर्मन लोखंडासारखा लाल होत नाय. तापला किती ते डोळ्यांना कळत नाय. कळेपर्यंत पाणी होऊन चुलीत पडलेला असतो. म्हणून साबण. साबण काळा पडला की उचलायचा. बापूस माझा असंच करायचा."

भाकऱ्या उतरल्यावर तिनं निखारे पुढे ओढले आणि वाटी चिमट्यात धरून त्यांच्यावर फिरवत राहिली. रेघ आधी पिवळी झाली, मग चहासारखी, मग एकदम काळी. तिनं वाटी उचलून दगडावर ठेवली, थोड्या वेळानं पाण्यात बुडवली आणि माझ्या हातात दिली.

"दाब."

मी अंगठ्यानं कड दाबली. कालपर्यंत टणक असलेली ती कड माझ्या अंगठ्याखाली सरकली. भिजवलेल्या कणकेसारखी म्हणणार नाही, पण हट्ट सोडलेल्या माणसासारखी म्हणावंसं वाटतं. मी दचकून बोट काढलं, तर तिथे माझ्या अंगठ्याची खोलगट जागा राहिली होती. मावशी हसायला लागली. "आता बघ."

पुन्हा वरवंटा, पुन्हा डावाचा दांडा. या वेळी मी जवळून बघत होते. ती जोरात मारतच नव्हती. हलके, एकमेकांच्या जवळ पडणारे घाव, आणि एका जागी लागोपाठ दोनदा नाही. वाटी डाव्या हातानं सारखी फिरत होती. कड हळूहळू पुढे यायला लागली, पातळ व्हायला लागली. मधेच ती थांबायची, कडेवर नख वाजवून कान लावायची. "परत कडक होतोय," म्हणायची, आणि वाटी पुन्हा साबणाची रेघ ओढून निखाऱ्यावर जायची. असं तिनं तीनदा केलं. तोवर स्वयंपाकघरातून आम्हाला हाकलायला आलेल्या मेट्रनबाईसुद्धा दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांना आठवलं असावं की आपण मेट्रन आहोत. त्या म्हणाल्या, "ही सरकारी भांडी आहेत. दोन वाट्या गेल्या."

"एक गेली," मावशी मान वर न करता म्हणाली. "दुसरी आली."

शेवटी तिनं चोचीच्या दोन्ही बाजू बोटांनीच आत वळवल्या, कडेला बारीक दुमड घातली म्हणजे धार राहणार नाही, आणि बराकीच्या फरशीवर पाणी टाकून ती कड घासत बसली. घासून झाली की स्वतःच्या ओठावरून फिरवायची. पुन्हा घासायची. मग भोईवाड्याला बोलावून तिच्या ओठावरून फिरवली. "बोचतंय?"

"इथं जरा," भोईवाडा म्हणाली.

मावशीनं तिथं आणखी घासलं.

ते दिसायला काही सुंदर नव्हतं. चोच एका अंगाला कललेली, बाहेरून घावांच्या खुणाच खुणा, आणि साबणाचा डाग गेलाच नाही. राखेनं घासून, उकळत्या पाण्यातून काढून तिनं ते माझ्यासमोर धरलं. त्यात दूध घातलं. भोईवाड्यानं मुलीला पाठीला आधार देऊन अर्धवट उभी धरली आणि मी चोच खालच्या ओठावर टेकवली. पहिला घोट तिनं थुंकला. दुसऱ्या वेळी ठसकली. मी घाईनं दूध ओतायला लागले तेव्हा मावशीनं माझा हात मनगटाशी पकडला आणि हातासकट बोंडलं हळूच कलवलं. एक थेंब. थांबलो. एक थेंब. मुलीची जीभ बाहेर आली, तिनं चोच चाचपली, आणि मग तिला कळलं. त्यानंतर दूध संपेपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत. वाटीपलीकडे दिसणाऱ्या मावशीच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

ताईंनी डोळ्याला पदर लावला. मावशी म्हणाली, "नाकातनं काय आलं नाय ना? मग झालं."

मी सही केली नाही. चार-पाच दिवसांत ताप उतरला, जखम भरत आली, आणि एका बाजूचं दूध तरी परत सुरू झालं. तोवर माझी मुलगी बोंडल्यावर चांगली तरतरीत झाली. भोईवाड्याचा मुलगाही त्याच बोंडल्यानं पेज प्यायला लागला. त्याला ते इतकं आवडलं की तो दुसऱ्या कशानं काही घेईना.

पुढच्या मुलाखतीच्या दिवशी आम्ही सगळ्या वेण्या घालून तयार झालो. मावशी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "जायचं नाही?" मी विचारलं.

"मालकांची पाळी बदलली असणार. नाय येणार ते."

मालक म्हणजे तिचे यजमान. मी बरं म्हटलं आणि मुलीला घेऊन जाळीपाशी गेले. यजमानांना आणि सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईला माझा नमस्कार सांग," आणि लगेच, "नको, तूच वाकून कर माझ्या वतीनं." मी परत आले आणि केला. मावशीनं माझ्या डोक्यावर चापट मारली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

आमच्या तुकडीच्या आधी दोन दिवस लालबागच्या बायका सुटल्या. निरोप घेताना ती फक्त माझ्या मुलीशी बोलली, मालवणीत, भरभर. मला अर्धंच कळलं. आमच्या सुटकेच्या सकाळी सामान परत मिळायची वाट बघत आम्ही अंगणात बसलो होतो. बोंडलं सरकारी म्हणून मेट्रनबाईंनी ठेवून घेतलं. माझ्यादेखत त्यांनी ते पुसून फळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पुढं कोणी लेकुरवाळी आली तर लागेल." मला ते योग्यच वाटलं.

तेव्हा भोईवाडा मला म्हणाली, "तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. आता बाहेर चाललो तर सांगते. मावशीचे मालक आले होते त्या दिवशी. सरकारी भांडी खराब केली म्हणून तिची मुलाखत बंद केली होती. ते भर उन्हात दारावर उभे राहिले आणि तसेच परत गेले."

मी विचारलं, "ताईंना माहीत होतं?"

"ताई भांडल्या. मावशीनंच त्यांना गप्प केलं. म्हणाली, गिरगावाला कळलं तर ती दूध पाजताना रडत बसेल, आणि पोरगी परत पिणार नाय."

पुढच्या रविवारी मी मुलीला घेऊन लालबागला गेले. सासूबाईंनी करंज्यांचा डबा दिला होता. माझ्याजवळ पत्ता असा नव्हताच. गिरणीचं नाव माहीत होतं आणि गिरणीच्या मागची गल्ली. एका चाळीच्या दारात बायका बसल्या होत्या, त्यांना विचारलं, "तुरुंगात जाऊन आलेल्या, वाइंडिंगमधल्या, जरा मोठ्यानं बोलणाऱ्या..." मला वाक्य पुरं करावं लागलं नाही. चौघींनी एकदमच वरच्या मजल्याकडे बोट केलं.

मावशी दारातच भेटली. मला बघून तिनं आधी मुलीला ओढून घेतलं, वजन केल्यासारखं हातावर तोललं, मग मला आत घेतलं. खोलीत तिचे मालक बसले होते. लहान चणीचे, अगदी हळू बोलणारे. मी डबा खाली ठेवला आणि एकदम सगळं बोलून टाकलं: मला कळलंय, माझ्यामुळे तुमची भेट चुकली, मला माहीत असतं तर मी असं होऊ दिलं नसतं.

"बघ, सांगितलंच त्या भोईवाड्यानं," मावशी म्हणाली. "आणि ह्यांना भेटून काय होणार होतं? हे काय बोलतात? बिडी ओढत जाळीपलीकडे बसले असते."

मालक हसले. मला म्हणाले, "त्या दिवशी मी सुरमई तळून नेली होती तिच्यासाठी. शिपायांनी खाल्ली."

"काय?" मावशी कडाडली. "हे मला सांगितलंत नाय! सुरमई? चांगली सुरमई त्या मेल्यांच्या घशात?" भेट बंद झाल्याचं तिला जे वाटलं नव्हतं, किंवा तिनं दाखवलं नव्हतं, ते सगळं आता त्या सुरमईवर निघालं. 

ती चहा टाकायला वळली तेव्हा मालकांनी माझ्या मुलीकडे बघितलं. "हीच काय ती?"

"हो."

त्यांनी हात पुढे केले. मुलगी त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला मांडीवर उभी केली. ती पाय ताणून नाचायला लागली आणि त्यांच्या मिशा ओढायला लागली. त्यांनी तिच्या मुठीतून मिशा सोडवल्या. मग हळूच म्हणाले, "मग बरोबर आसा."

तेव्हा मला रडू आलं. तुरुंगात आलं होतं तसं नव्हतं ते. मावशीनं चहाचा कप माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "आता काय झालं? पी."

त्या घरी मी नंतर पुष्कळदा गेले. सासूबाई आणि मावशी यांची अशी काही गट्टी जमली की बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे झणझणीत कालवणात, तिरफळं किती घालावीत यावरून दोघी महिनामहिना बोलायच्या नाहीत, आणि मग एकीचा डबा दुसरीकडे जायचा. महाराष्ट्र झाला त्या दिवशी आम्ही सगळ्या, भोईवाडा आणि ताईसुद्धा, मावशीच्या खोलीत दाटीवाटीनं बसून जेवलो. सुरमईच केली होती. समोरच्या चाळीतल्या त्या बाईंनाही मी घेऊन गेले होते. त्या फार जेवल्या नाहीत, पण आल्या, आणि भोईवाड्याच्या मुलाला त्यांनी भरवलं.

पण पहिल्या भेटीच्या त्या संध्याकाळी मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मावशी मला ट्रामपर्यंत पोचवायला आली. मुलगी तिच्याच कडेवर होती. मी वाटभर मनात वाक्य जुळवत होते. आभार मानायचे म्हणजे पुस्तकी शब्द वापरावे लागतात, आणि तिच्यासमोर ते माझ्या तोंडून निघेनात. ट्राम आली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी जे..." तेवढ्यात कंडक्टरनं घंटी वाजवली.

"अरे ए! थांब की!" मावशी त्याच्यावर ओरडली. "लेकुरवाळी बाई दिसत नाय तुका? डोळे काय घरी ठेवून आलास?"

सगळी ट्राम आमच्याकडे बघायला लागली. कंडक्टर ओशाळून घंटीच्या दोरीवरून हात काढून उभा राहिला. मावशीनं मला वर चढवलं, मुलीला माझ्या हातात दिलं, दुपट्याचं टोक तिच्या कानावरून ओढलं आणि दोन पावलं मागे सरकून त्याला म्हणाली, "आता सोड."